न्यायला कुणी आलं नाही

अकरा दिवसांचं लेकरू सुनीतानं पाण्याच्या हौदावर धरलं होतं. मी धावत जाऊन ओढून घेतलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आज्जी, हे माझं न्हाई. बदलून आणलंय."

सुनीता माझ्या लेकीची लेक. बाळंतपणाला आमच्याकडे कमठाण्याला आली होती. चार रात्री झोपली नव्हती. लेकरू रडतं म्हणून असेल, असं आम्ही धरलं. चूक आमची.

बिदरला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोस्टपार्टम सायकोसिस. म्हणजे बाळंतपणानंतर डोकं भ्रमतं, नसलेलं दिसतं, ऐकू येतं. "हा आजार आहे, बाहेरचं काही नाही. बरा होतो. घरात आधी कुणाला झाला होता का?"

लेकीनं माझा हात दाबला. मी सोडवून घेतला. "माझ्या आजीला. माझ्या आईच्या वेळी. हैदराबादच्या वेड्यांच्या इस्पितळात घातली. तिथंच मेली म्हणतात."

"बरी झाली होती का?"

मला माहीत नव्हतं.

सुनीताची सासू मुडबीची. व्हरांड्यात मला म्हणाली, "लपवलात व्हय? तुमची आजी येडी होऊन मेली, आता ही. लेकरू आमी नेतो, पोरगी तुमची तुमी ठेवा."

सुनीताचा नवरा महेश खाली मान घालून उभा होता.

"मान वर कर," मी म्हटलं. "उद्या माझ्यासंगं हैदराबादला चल. आजी कशी मेली ते बघू, मग काय न्यायचं ते ठरव."

"आईला काय सांगू?"

"सांग, म्हातारी येडी झाली, तिला पोचवायला चाललोय."

लेकीला दवाखान्यात बसवून आम्ही निघालो. हैदराबादच्या त्या इस्पितळात दोन दिवस बाकावर बसलो. एवढे जुने कागद नसतात, म्हणाले. मी उठले नाही. तिसऱ्या दिवशी उर्दू वाचणाऱ्या एक बाई रजिस्टर घेऊन आल्या. माझी आजी, म्हणजे कमठाण्याची रुक्मिणी, सापडली नाही.

मग माझ्या डोक्यात आलं. रुक्मिणी हे सासरी ठेवलेलं नाव. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणजे इथं आणलं भावानं. भाऊ बहिणीचं सासरचं नाव कामून सांगेल?

"तिचं माहेर संतपूर. संतपूरची तुळसा बघा," मी म्हटलं.

बाईंनी पानावर बोट ठेवलं. "अम्मा, ये तो अच्छी हो गई थी. आठ महिने में. घर को तीन बार खत भेजे. कोई लेने नईं आया."

पुढं ती तिथल्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या करत राहिली. वारली तेव्हा मी चौथीत होते. घरी मात्र आई लहान असल्यापासून तिचं श्राद्ध घालत होते. पत्रं उर्दूत होती, वाचायला कुणी नसेल, असं मी म्हणून बघितलं. पण तिचा भाऊ निजामाच्या तहशिलीत कारकून होता. दिवसभर उर्दूच लिहायचा.

परतीच्या गाडीत जहिराबाद मागं पडल्यावर महेश म्हणाला, "आज्जी, सुनीताला सुट्टी कधी देतील?"

सुट्टीला पाच आठवडे लागले. लिथियम नावाची गोळी दिली. एक प्रकारचं मीठच ते, पण रक्तात जास्त झालं तर वाईट. म्हणून सारखं रक्त तपासायचं. अंगावरचं दूध बंद करून लेकराला वरचं सुरू केलं. पंधराव्या दिवशी तिनं विचारलं, "माझं लेकरू काय खायलंय?" माझं, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.

तुमच्या घरात बाळंतीण झोपेनाशी झाली, भलतंच बोलायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी कुणाला झालं असेल तर सांगा. लाज बाळगून आमच्या घरानं काय कमावलं, ते मी रजिस्टरात बघितलंय. आणि माणूस बरं झालं की न्यायला जा.

महेश सुनीताला न्यायला गेला. सासू आली नाही, पण उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुढच्या बाळंतपणात धोका आहे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ते तेव्हा बघू.

या आजारातून सुनीता जगली, तिचं लेकरू जगलं. तुळसाही जगली होती.