चाटूनपुसून रिकामा डबा

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगते. एका पोराला धडा शिकवायला निघाले होते, आणि माझी जी शोभा झाली ती आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. हे फॅक्टरीत लागले म्हणून खडकीच्या क्वार्टरमध्ये आलो. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. आमची सुजाताही अकरावीला गेल्या गेल्या सदाशिव पेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली. तिथे तिला मैत्रीण मिळाली, मुग्धा. झालं. मुग्धा असं म्हणते, मुग्धाला हे आवडतं. सकाळी मुग्धाचा मिस कॉल आल्याशिवाय ही पायात चप्पल घालायची नाही. ही मुग्धा मी कधी पाहिलेली नव्हती. मला सांगा, मुग्धा नावानं मिस कॉल द्यायला मुलगीच कशाला लागते?

पण संशय पक्का केला तो डब्यानं. माझा हात तिखट. सुजाता रोज अर्धा डबा परत आणायची. एक दिवस माझं डोकं फिरलं. "उद्यापासून घासभर जरी उरलं ना, क्लास बंद. घरी बस भांडी घासत."

दुसऱ्या दिवसापासून डबा चाटूनपुसून साफ. वर पोरीच्या नाकाला पाणी नाही, डोळे लाल नाहीत.

"तिखट नाही लागलं?"

"छान होतं."

छान? सोळा वर्षांत या पोरीनं माझ्या भाजीला छान म्हटलेलं नाही. म्हणजे खाणारा दुसराच. आईनं राबून केलेला डबा पोरगी कुणाला चारते, एवढं मला कळतं.

"ही तुझी मुग्धा मिशी ठेवते का गं?"

"आई, काहीही काय."

काहीही नाही. बच्चमजीला दाखवतेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी वांग्यात ठेचा कालवला. डबा साफ. तिसऱ्या दिवशी मिरच्या वाढवल्या. भाजी परतताना शेजारीण खोकत अंगणात पळाली. तरी डबा साफ. पोरगा आहे की भट्टी? चौथ्या दिवशी मात्र मिरच्या टाकताना मी हात सैल सोडला.

पाचव्या दिवशी सुजाता रडत घरी आली. "मुग्धा आजारी आहे. डॉक्टरकडे नेलंय."

मी पदर खोचला. "चल. बघू दे मला तुझी मुग्धा."

पेठेतल्या त्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, मुग्धाच्या आईनं दार उघडलं. डॉक्टरकडून नुकत्याच परतल्या होत्या. आत कॉटवर काडीसारखी एक मुलगी. दोन वेण्या, चष्मा. मिशी नाही.

सुजाता जाऊन तिला चिकटलीच. दोघी हात धरून रडायला लागल्या.

"टाकून द्यायचं होतंस," आमची कुजबुजली.

"काकू पहाटे उठून करतात म्हणतेस ना? टाकवेना. आणि उरलं असतं तर तुझा क्लास बंद."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस या दोघी डबे बदलत होत्या. माझी लेक हिच्या घरची गुळाची आमटी मिटक्या मारत खात होती, आणि ही बिचारी माझा ठेचा.

"डॉक्टरांना म्हणते, कोपऱ्यावरची मिसळ खाल्ली," तिची आई पर्स उचलत म्हणाली. "आमच्याकडे फोडणीतली मिरचीसुद्धा काढून ठेवतात हो. बरं झालं, आपण आलात. जरा बसा हिच्यापाशी, मी त्या मिसळवाल्याला विचारून येते. लोकांच्या लेकरांच्या जिवावर उठलाय मेला. घालतो तरी काय एवढं?"

मुग्धा चष्म्याआडून माझ्याकडे बघत होती. हळूच मान हलवली, बोलू नका म्हणून. सोळा वर्षांची पोर, पोट धरून मला वाचवत होती.

"लवंगी मिरच्या," मी म्हणाले. "काल बावीस."