नाडी बांधलेलं लाल कार्ड

काल कपाट आवरताना नाडी बांधलेलं एक लाल कार्ड हाती लागलं आणि आखातात असतानाची, अल मन्सूरातल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. चौसष्ट वर्षांनी वेल्स वर्ल्डकपला पात्र ठरलं होतं, म्हणून लुसैलच्या बांधकामाच्या साइटवरच्या माझ्या वेल्श साहेबांना आम्ही जेवायला बोलावलं होतं. लाल टोपी घालून, माझ्या मुलासाठी लाल जर्सी घेऊन ते आले. घरभर कोथिंबीरवडीचा वास होता. मुलाचं इंग्रजी सुधारावं म्हणून आमच्याकडे तेव्हा मी एक खेळ काढला होता: जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात ते कार्ड, पुढचा कुणी चुकेपर्यंत. नाशिकहून आलेल्या माझ्या आईला मराठीशिवाय काही येत नसे, त्यामुळे ते तिच्याच गळ्यात असायचं. "आजी रेफरी आहेत का?" साहेबांनी विचारलं. मी हसत हसत नियम सांगितला. त्यांनी हातातली वडी ताटात ठेवली. "माझ्या पणजीच्या शाळेत वेल्श बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि अडकवणारे मास्तर आमच्यातलेच होते." पंधरा दिवसांत आई जवळजवळ बोलायचीच थांबली होती, हे मला त्या क्षणी दिसलं. "आई, काढ ते," मी मराठीतच म्हणालो. तिने कार्ड काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. नियमच होता तसा. तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.