भावाच्या हाताला लावलेलं तेल

असल्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी विषय बदलायचो. बदनापूरला शाळेत विज्ञान शिकवतो मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर. तोही दादामुळे. त्याने सातवीत शाळा सोडून केदारखेड्याची शेती धरली, म्हणून मी शिकलो. हे मी विसरलेलो नाही, तरी पुढचं लिहितोय...

२००७ च्या सुमाराची गोष्ट. माझी अँजिओप्लास्टी झाली, उजव्या मनगटातून. महिन्याभराने दादाचीही तशीच झाली. दोघांचेही उजवे पंजे बधिर राहिले. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतं असं, हळूहळू जाग येईल.

माय दादाकडेच राहायची. मला बघायला आली ती एका दिवसात परत गेली. दादाचा हात मात्र रोज दुपारी करडीच्या कोमट तेलाने चोळायची. खरं सांगतो, मी जळायचो. फोनवर बोललोही. ती म्हणाली, "तू शिकलेला हायस, तुला डॉक्टरचं समजतं. त्याला मीच हाय."

एकदा तिसऱ्या प्रहरी, शाळेत वह्या तपासताना, माझ्या बधिर तळव्यावर कोमट काहीतरी पसरलं. मग बोटं फिरू लागली — त्यातलं एक आखूड. मायचं मधलं बोट विळ्याने अर्धं गेलेलं... मी घाईने गावी दादाच्या घरी फोन लावला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आत्याबाई ह्यांचा हात चोळून राह्यल्यात. देऊ का?"

"नको," म्हणालो.

मग रोज तेच. मी कुणाला बोललो नाही. त्या वेळेला हात टेबलावर उताणा ठेवून बसायचो. वाटायचं, मिळाला एकदाचा माझा वाटा.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. माय ओसरीवर दादाचा हात चोळत होती. मी समोर बसलेलो आणि तिचा प्रत्येक दाब मला कळत होता.

"काही लागतंय का रे?" तिने त्याला विचारलं.

"न्हाई माय. लाकडाला तेल पाजून राह्यली तू."

त्याच्या वाट्याची शाळा मी घेतली होती... आता हेही? मी हात पुढे केला. "माय, आज माझा चोळ."

"बघ, मास्तरला इथंबी हिस्सा पाहिजे!" दादा हसला.

मायने माझा हात मांडीवर घेतला. आखूड बोट तळव्यावर फिरताना मला दिसत होतं. कळत काहीच नव्हतं.

दादाचं हसू थांबलं. तो स्वतःच्या पंजाकडे बघत होता. "माय... गरम लागून राह्यलंय."

सुट्टीभर मी रोज हात पुढे केला. दादाच्या हाताला पुरती जाग आली, माझ्या नाही. डॉक्टर मज्जातंतूंबद्दल सांगतात, ते मी वर्गात शिकवतोही. पण त्या ओसरीवर काय झालं, ते मला आजही सांगता येत नाही.

माय आता नाही. दादा कधी कधी म्हणतो, "मायचा हात कसा गरम असायचा, न्हाई का?"

मी हो म्हणतो. आणि अजूनही जळतो.