भोयर मॅडमांचा बुधवार

दारव्ह्याच्या आमच्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्राची अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, तेव्हा तास मिळण्याआधीच मला स्वागत समिती मिळाली. पाहुण्यांसाठी रांगोळी, ओवाळणी, चहापाणी. मान डोलावून मी प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडले, तर वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख डॉ. सुमन भोयर नव्या सहकाऱ्याला भेटायला व्हरांड्यात थांबल्या होत्या.

"विषय कोणता तुमचा?"

"प्राणिशास्त्र."

"मग रांगोळी कोणत्या पेपरात येते?" असं विचारून त्या हसल्या. "यंदा करून घ्या. पुढच्या वर्षी पाहू."

मॅडमांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि पहिल्यांदा ही भेटच आठवली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. मॅडम लाल्या रोगावर संशोधन करत होत्या. हिरवं झाड पानापानानं लाल कसं होतं, हे त्यांना शोधायचं होतं. पण मुलींच्या विश्रांतीखोलीची देखरेख, तक्रारी, स्नेहसंमेलन, सारं त्यांच्याकडेच यायचं. शिवाय त्या दिवसांत कितीतरी विद्यार्थी रडवेल्या चेहऱ्यानं दाराशी उभे राहत. "मॅडमजवळ मुलं मोकळी होतात," असं सगळे आदरानं म्हणत आणि ते खरंही होतं. मात्र त्याच वेळात पुरुष सहकाऱ्यांचे शोधनिबंध ग्रंथालयात पुरे होत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं; काम आपसूक आम्हा बायकांकडे वाहत यायचं. मॅडमांनी आणलेली पानं प्रयोगशाळेत वाळून जायची.

एका बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. "मुलांचं ऐकणं मला नको आहे, असं नाही. ते मोलाचं काम आहे, म्हणूनच साऱ्यांनी करावं. बुधवारी दुपारी मी शेतात असेन. माझ्या जागी कोण बसणार?"

"तुमच्यासारखं कुणाला जमणार, मॅडम?" प्राचार्य म्हणाले.

"मलाही बसूनच जमलं, सर."

मग भौतिकशास्त्राचे देशमुख सर म्हणाले, "मी बसतो. पण मला तसलं बोलता येत नाही." सर शिस्तीचे, मुलं त्यांना घाबरायची.

"बोलायचं कमीच असतं," मॅडम म्हणाल्या.

पहिल्याच बुधवारी वैशाली आली. महागावकडच्या खेड्यातली, दारव्ह्याला मावशीकडे राहून शिकणारी मुलगी. मॅडम दिसल्या नाहीत म्हणून ती परत फिरत होती. सरांनी तिला बसवलं.

"सर, मले कॉलेज सोडा लागते."

"काहून?"

"वावर सारं लाल पडलं. आई दुसऱ्याच्या कामाले जाते. लहान बहिणीले पाहाले घरी कोणी नाही. बाबा म्हणते, तू ये."

ती रडत राहिली आणि सर नुसते समोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते मॅडमांकडे आले. "आता पुढं काय करायचं?"

"तिच्या घरी जायचं."

"तुम्ही याल ना?"

"येईन. पण बोलाल तुम्ही."

रविवारी मॅडम, सर आणि मी एसटीनं वैशालीच्या गावी गेलो. मॅडम वैशालीच्या आईसोबत वावरात शिरल्या, झाडं उपटून मुळं पाहू लागल्या. सर वडिलांसमोर बाजेवर बसले. पोरगी हुशार आहे, एवढं सांगून गप्प झाले. वडील म्हणाले, "बाईनं सांगतलं असतं त म्या म्हटलं असतं, बाई बाईचीच बाजू घेते. तुमी सोता आले. इचार करा लागीन."

विचारातून वाट निघाली. धाकटीही मावशीकडे आली, दारव्ह्याच्या शाळेत जाऊ लागली. वैशालीनं पदवी पुरी केली. आज ती उमरखेडला शिकवते.

पुढच्या सत्रापासून बुधवारी मुलांचं ऐकायची पाळी सगळ्यांना लागली. काही जण कुरकुरले. एक सर मुलांसमोर पेपर वाचत बसायचे, मुलांनीच त्यांना सुधारलं. मॅडमांचं संशोधन पूर्ण झालं. गावोगावच्या पारांवर बसून त्यांनी ते वऱ्हाडीत समजावून सांगितलं.

माझ्या पीएच.डी.चंही श्रेय मॅडमांचंच. घरी सासूबाई अंथरुणावर होत्या. मी नोंदणी पुढे ढकलत होते. मॅडम म्हणाल्या, "घरी तुम्हाला वेळ मिळणार नाही, म्हणून तो कॉलेजात मिळाला पाहिजे." त्यांनी वेळापत्रक बदलून माझ्या दुपारी मोकळ्या करून घेतल्या. समितीच्या कामासाठी कुणी मला बोलवायला आलं, की मॅडम प्रयोगशाळेच्या दारातूनच त्याला परतवत. "त्या कामात आहेत," एवढंच सांगत. आपल्याबद्दल असं कुणी म्हणू शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

या गौरव समारंभाचं निमंत्रण द्यायला परवा मी त्यांच्या घरी गेले. मॅडम कापसाच्या रोगांवर शेतकऱ्यांसाठी पुस्तक लिहीत आहेत. "समारंभाले येईन," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळी ठेवा. सकाळी मी लिहून राह्यली."

आम्ही समारंभ संध्याकाळी ठेवला आहे. मॅडमांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, वावराच्या धुऱ्या-बांधांवरून चालायचं बळ त्यांच्या पायांत राहो, आणि पुढच्या साऱ्या सकाळी त्यांच्या स्वतःच्या असोत.