‘कुढत बसू नका’ म्हणालो तेव्हा

गुलाबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याच्या कामगारांसाठी पत्रक लिहीत होतो. पहिलंच वाक्य होतं, ‘कुढत बसू नका.’ फोन ठेवल्यावर त्या वाक्याकडे बघायची भीती वाटली. महिना झाला, ती भीती गेलेली नाही.

काका माझ्या वडिलांचे मित्र. घराणं विणकरांचं, आयुष्य मात्र हिंगण्याच्या कारखान्यात गेलं. मी अक्षरं शिकलो ती या दोघांच्या पत्रकांवर. पुढे माझं प्रत्येक पत्रक छापण्याआधी काकांच्या खुर्चीपुढे उभं राहून मोठ्याने वाचायचं, हा नियम. ते डोळे मिटून ऐकायचे. शब्द खोटा वाटला की डोळे उघडायचे. “हे तुह्या पोटातलं नाही गा, वाचलेलं हाये.” मी चिडायचो, आणि शब्द बदलायचो.

शेवटची भेट त्यांच्या प्रताप नगरच्या घरी झाली. दोन दिवसांनी छातीचं ऑपरेशन होतं. मी मोर्चाचं सांगत होतो, ते पडून, डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मले भेव वाटून राहिलं गा.” कारखान्याच्या गेटवर शेकडो लोकांना सांगितलेलं वाक्य सवयीनं तोंडातून निघालं, “काका, कुढत बसू नका.” त्यांनी डोळे उघडले. “कुढनारा तोंड मिटून बसते बाप्पा. मी तं तुले सांगून राहिलो.” मग हसले. “जाय, मोर्चा चुकन तुहा.”

मी गेलो...

ते ऑपरेशनमधून परतले नाहीत. घाटावरून आल्यावर काकूंनी सांगितलं, त्या भेटीनंतर ते जवळजवळ बोललेच नव्हते. म्हणजे जे ते करत नव्हते, ते मी त्यांना करायला लावलं. दुःख आतल्या आत घोळवत बसणं म्हणजे कुढणं. उघड सांगितलेल्या भीतीला तो शब्द चिकटवला की माणूस गप्प होतो. एखाद्या मालकानं हे केलं असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. गेटवर अशी किती तोंडं मी बंद केली, याचा विचार करायलाही धजत नाही. आणि महिनाभर मीही कोणाशी बोललेलो नाही.

इथवर लिहिलेलं घेऊन काल काकूंकडे गेलो. त्या काकांच्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. “काहून थांबला? वाच नं.” उभ्यानं सगळं वाचलं. मग कागदावर नव्हतं ते म्हणालो, “काकू, मले भेव वाटते.”

मान वर करून पाहिलं. काकूंचे डोळे मिटलेलेच होते.