शुक्रावरची दलदल

आम्ही ठाण्याहून इस्रायलमधल्या ओफाकिमला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा ठाण्याच्या शाळेत सायन्स शिकवायचे. इथे हिब्रू येत नव्हती, म्हणून कापडगिरणीत कापसाच्या गाठी ओढायचं काम पत्करावं लागलं. पहाटे ते पाळीला निघाले की मी रस्त्याच्या वळणापर्यंत सोबत जाई. समोर शुक्राची चांदणी ठळक दिसायची. तेवढ्या वाटेवर बाबा पुन्हा मास्तर होत.

१९६३च्या हिवाळ्यात वर्गात प्रत्येकाने एकेका ग्रहावर बोलायचं ठरलं. मी शुक्र मागून घेतला. बाबांनी सांगितलं तसं लिहिलं: तिथे सदा ढग, खाली कोमट दलदल, माणसापेक्षा उंच नेचे. त्यात आम्ही दोघांनी पदरचं घातलं. छत्र्या घेऊन फिरणारे बेडूक, आणि पाऊस थांबला की सुट्टी जाहीर करणारी त्यांची राणी. बाबांना हसू आवरेना. गिरणीत लागल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

वर्गालाही बेडूक आवडले. मग एक मुलगी उठली. "रेडिओवर सांगितलं, अमेरिकेचं यान शुक्राजवळून गेलं. तो भट्टीसारखा तापलेला आहे. तिथे शिसंसुद्धा वितळेल."

बाईंनी मान हलवली. "बेडूक गमतीचे आहेत. पण दलदलीचं तुला कुणी सांगितलं?"

बाबांचं नाव घ्यायला जीभ रेटेना. पुस्तकात वाचलं, एवढंच पुटपुटले.

पुढचे तीन दिवस मी डोकं दुखतंय सांगून पहाटे अंथरुणातच राहिले. या गावात बाबांजवळ त्यांच्या विद्येखेरीज काही उरलं नव्हतं. तीही जुनी झाली, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

शनिवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चहा पिताना त्यांनीच विचारलं, "वर्गात काय झालं?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. "शिसं वितळेल म्हणाली?"

"हो."

"म्हणजे ढगांखालचं कळलं एकदाचं." त्यांचा चेहरा उजळला होता. "मी इतकी वर्षं पोरांना दलदल शिकवली. दरवेळी मनात यायचं, कोण गेलंय बघायला?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि मी रडायलाच लागले.

"अगं, रडतेस काय? पंचाईत झाली ती बेडकांची."

दुसऱ्या दिवशी पाळी संपताच ते शाळेत आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. ती बातमी छापून आलेलं वर्तमानपत्र त्यांना बाईंकडून हवं होतं. मी दुभाषी म्हणून मध्ये उभी राहिले, पण बाईंना इंग्रजी येत होतं. दोन वाक्यांनंतर माझी गरज उरली नाही. शुक्रावरून गाडी प्रयोगशाळेवर आली. तिथली अर्धी उपकरणं बंद पडली होती. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि दिवेलागणीपर्यंत एक सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून दिला.

वसंतात आम्हा ज्यूंचा वल्हांडणाचा सण झाल्यावर शाळेने त्यांना प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. आईने गिरणीचे कपडे धुऊन वाळत घातले. आठवडाभर ते दोरीवरच होते, काढायची घाई कुणालाच नव्हती.