पाहुण्यांचं पाणी

जळगावच्या कॉलेजात मी सांडपाणी स्वच्छ करायला शिकत होते. गाळ तळाशी कसा बसवायचा, जिवाणूंना हवा किती द्यायची, रंग कशाने शोषून घ्यायचा, सगळं तोंडपाठ. आणि तिकडे धुळ्याजवळ, माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, विहिरीचं पाणी लालसर झालं होतं. मळ्याला लागूनच कापड रंगवायचा कारखाना. फुईच्या हातांना कायम खाज, पोट बिघडलेलं. अर्ज करकरून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कुठे पाण्याची तपासणी ठरली आणि ती होईपर्यंत पिण्यापुरता टँकर सुरू झाला.

तपासणीचे साहेब आले त्याच दिवशी माझी परीक्षा होती. विषय जलप्रदूषण! हसावं की रडावं?

साहेबांना ऊन सोसवेना. ओसरीवर खाटेवर टेकले, चहा प्यायले. विहीर पार मळ्याच्या टोकाला. ते म्हणाले, "अक्का, पाणी इथेच आणा ना." फुईने घासून लख्ख केलेली कळशी आणली. त्यांनी बाटली भरली, वर चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेले. कळशीत टँकरचं पाणी होतं.

अहवाल आला. विहिरीचं पाणी पिण्यास योग्य. तक्रार निकाली, टँकर बंद.

मी तणतणत धुळ्याची बस पकडली. दारातच विचारलं, "फुई, विहिरीचं का नाही दिलंस गं?"

ती गोंधळली. "माय, घर उनेल मानूसले तसं लाल पानी कसं देवानं? माले वाटनं, वाटवर पेवाले लई जाई राहिनात."

घरी आलेला माणूस वाटेत प्यायला पाणी नेतोय, असं तिला वाटलं होतं! तिच्यावर ओरडायचं ठरवून आले होते. पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी बसले. त्या साहेबांना मात्र मनातल्या मनात मी दिल्या नसतील अशा शिव्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयात गेले, तर उत्तर मिळालं, "अहवाल बदलत नाही. नवीन अर्ज करा, नंबर लागेल तेव्हा येऊ."

परत आले तेव्हा फुईने भरीत-भाकरी वाढली. माझ्या ताटाशेजारी दुकानातून आणलेली पाण्याची सीलबंद बाटली. तिच्या ताटाशी तांब्या. मी वाकून पाहिलं. लालसर.

"फुई, ही बाटली तू घे."

"येडी शे का? तू पाहुनी शे."

मी तांब्याकडे हात नेला, तर तिने तो उचलून पलीकडे ठेवला. मग बाटलीचं झाकण स्वतः पिळून उघडलं, माझा पेला काठोकाठ भरला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिली. मी प्यायले. तेव्हा कुठे तिने तांब्या तोंडाला लावला.